इंटरनेटवरचा छळ : थट्टा, गुन्हा की हक्काचा प्रश्न?



समितीने लेख मागितला तेव्हा "कॉम्प्युटरवरचं काहीतरी लिही, पण सगळ्यांना समजेल असं" एवढीच अट होती. मी विषय सांगितल्यावर मात्र एका काकांनी विचारलं, "अरे, पोरं एकमेकांना चिडवतात, त्यात मानवी हक्क कुठून आले?" प्रश्न अगदी रास्त आहे. मानवी हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तुरुंग येतात, लाठीमार येतो, निर्वासितांच्या छावण्या येतात. नववीतल्या मुलीच्या फोनवर रात्री अकराला येणारे घाणेरडे मेसेज येत नाहीत. काकांच्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दाबद्दल थोडंसं. सायबर बुलिंगला मराठीत नेमका शब्द अजून रुळलेला नाही. 'चिडवणं' फारच गोड वाटतं आणि 'त्रास देणं' फार ढोबळ. मी 'छळ' हा शब्द वापरणार आहे. छळ म्हटलं की आपल्याला सासुरवास आठवतो, आणि ते बरोबरच आहे. रोज थोडा थोडा, बाहेरच्याला न दिसणारा, आणि जिचा होतो तिलाच "तू मनावर घेऊ नकोस" असं सांगितलं जाणारा. सासुरवाससुद्धा पिढ्यान् पिढ्या 'घरगुती मामला' मानला जात होता. १९८३ साली भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ आलं आणि सुनेचा छळ हा घराच्या चार भिंतींतला विषय उरला नाही, तो सरकारदरबारी गेला. इंटरनेटवरच्या छळाचं आज साधारण तसंच चाललं आहे. तो चार भिंतींतून बाहेर येतो आहे, पण पूर्ण आलेला नाही.

आता "आमच्या वेळीही वर्गात दादा मुलं होतीच की" असं कोणी म्हणेल. होती, पण शाळा सुटली की ती आपापल्या घरी जायची. फोन घरी येतो, जेवणाच्या टेबलावर येतो, उशीखाली झोपतो. शिवाय आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आम्ही कुठलीही सिस्टिम बांधतो तेव्हा माहिती हरवू नये म्हणून तिच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो. बँकेच्या खात्यासाठी हे वरदान आहे. पण एखाद्या मुलीचा फोटो खोडसाळपणे बदलून कोणी टाकला, तर हेच वरदान तिच्या मुळावर येतं. फोटो पाठवायला अर्धा सेकंद लागतो, पुसायला कधी कधी आयुष्य पुरत नाही. (एक गंमत म्हणजे आपलं शॉमबर्ग हे या मोबाईल फोनचं एक माहेरच. मोटोरोलाचं मुख्यालय १९७६ पासून कितीतरी वर्षं इथेच होतं, आणि १९८३ साली अमेरिकेतला पहिला व्यावसायिक सेल्युलर कॉल शिकागोच्या सोल्जर फील्डवरून झाला. असो.)

तर काकांचा प्रश्न. हक्क मोडतो कोण? आपली समजूत अशी की मानवी हक्क सरकारच मोडतं. वर्गातल्या पोराने केलेला खोडसाळपणा फार तर गुन्हा होईल, हक्कभंग कसा होईल?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला फिनलंडमधल्या एका खटल्यात सापडलं. मार्च १९९९. आपल्यातले बरेचजण तेव्हा हॉटमेलवर खातं उघडत होते. एका बारा वर्षांच्या मुलाच्या नावाने कोणीतरी डेटिंगच्या वेबसाइटवर जाहिरात टाकली. त्याचं वय, वर्णन, फोटोचा दुवा, फोन नंबर, नंबरातला एक आकडा सोडला तर सगळं खरं, आणि त्याला जवळीक करायला पुरुष हवा आहे असा मजकूर. एका माणसाची ईमेल आली तेव्हा त्या पोराला हे कळलं. वडील पोलिसांकडे गेले. जाहिरात कोणी टाकली हे इंटरनेट कंपनीला शोधता येत होतं, पण तिने सांगायला नकार दिला, कारण फिनलंडचा त्या वेळचा कायदा ग्राहकाचं नाव गुप्त ठेवायला सांगत होता आणि अशा गुन्ह्यासाठी त्यात अपवादच नव्हता. न्यायालयाचेही हात बांधलेले! प्रकरण युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेलं. २ डिसेंबर २००८ रोजी निकाल लागला तो फिनलंड देशाच्या विरोधात. ज्याने जाहिरात टाकली त्याच्या विरोधात नव्हे, हे लक्षात घ्या. न्यायालयाचं म्हणणं असं, की खाजगी आयुष्याचा हक्क फक्त "सरकारने ढवळाढवळ करू नये" एवढ्यापुरता नसतो. एका नागरिकाने दुसऱ्याचं आयुष्य नासवू नये अशी व्यवस्था ठेवणं, आणि नासवलं तर त्याला शोधता येणं, हेही सरकारचं कर्तव्य आहे. ते केलं नाही तर हक्कभंग सरकारचा.

आणि ही काही युरोपची नवी टूम नाही. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या बाराव्या कलमात खाजगीपणाबरोबर माणसाची प्रतिष्ठा आणि नावलौकिक यांवरच्या हल्ल्यांचाही उल्लेख आहे, आणि अशा हल्ल्यांपासून कायद्याचं संरक्षण मिळणं हा प्रत्येकाचा हक्क म्हटला आहे. तो जाहीरनामा तयार करणाऱ्या आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन मेहता, मुंबईत सार्वजनिक कामात आयुष्य घालवलेल्या. पहिल्या कलमात इंग्रजी मसुदा 'सर्व पुरुष' असं म्हणत होता, त्याचं 'सर्व मानव' व्हावं हा आग्रह त्यांचा. पुढे जुलै २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ठरावच केला, की माणसाला प्रत्यक्ष जगात जे हक्क आहेत तेच इंटरनेटवरही आहेत. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

कागदावर सगळं छान आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्या मुंबईने २०२२ च्या पहिल्याच दिवशी पाहिलं. १ जानेवारीला 'बुल्ली बाई' नावाच्या एका अॅपवर शंभराहून जास्त मुस्लिम महिलांचे फोटो 'लिलावासाठी' म्हणून लावले गेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. प्रत्यक्षात विक्री वगैरे काही नव्हती, हेतू फक्त अपमानाचा आणि धाक बसवण्याचा. हे अॅप ठेवलं होतं गिटहबवर. आमच्या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगतो, गिटहब म्हणजे जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात आणि एकमेकांना मदत करतात ती जागा. मी रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर जे पहिलं पान उघडतो ते हेच.

मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांतच अटका केल्या. दिल्ली पोलिसांनी आसाममधून मुख्य आरोपीला पकडलं. कोण निघाले हे आरोपी? कोणी मुरलेले गुंड नव्हेत. त्यातले काहीजण वीस-एकवीस वर्षांचे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, एक मुलगी तर अवघी अठराची. ज्या अभ्यासक्रमाच्या जोरावर आपण इथे आलो, तोच शिकणारी पोरं! त्याआधी जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' नावाने हाच प्रकार झाला होता. तेव्हाही तक्रारी नोंदवल्या गेल्या, पण सहा महिने कोणाला अटक झाली नाही. दुसऱ्या अॅपचा गाजावाजा झाल्यावरच पहिल्याचा आरोपी सापडला. फिनलंडच्या निकालातलं ते 'सरकारचं कर्तव्य' म्हणजे नेमकं काय, ते या सहा महिन्यांत दिसतं. जानेवारी २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे अल्पसंख्याकांविषयीचे विशेष प्रतिवेदक फर्नांड द वारेन यांनीही या प्रकारांचा निषेध करून कारवाईची मागणी केली. अशा छळाने नुसतं मन दुखावत नाही. बाई लिहायची थांबते, बोलायची थांबते, खातं बंद करते. म्हणजे तिचा बोलण्याचा हक्क दुसऱ्या कोणी परस्पर काढून घेतलेला असतो.

इथपर्यंत वाचून "मग कडक कायदा करा आणि टाका सगळ्यांना आत" असं वाटलं असेल, तर जरा थांबा. या बाबतीत महाराष्ट्राचाच अनुभव फार बोलका आहे.

२००७ साली मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. तेव्हा ऑर्कुटचा जमाना होता (फेसबुक आम्हाला ऐकूनही माहीत नव्हतं). त्या वर्षी शिवाजी महाराजांविषयी ऑर्कुटवर टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी ऑगस्टच्या शेवटी बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर इंजिनीअरला उचललं. त्याने पन्नास दिवस येरवड्यात काढले. नंतर कळलं की माणूसच चुकीचा! इंटरनेट कंपनीने आयपी पत्त्याची माहिती देताना भलत्याच ग्राहकाचं नाव दिलं होतं.

आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे, हे इथे सांगायला हवं. तो रेल्वेच्या बर्थसारखा असतो. आज ३२ नंबरवर कोण झोपलं होतं आणि काल कोण, हे कळायला तारीख, वेळ आणि आरक्षणाचा तक्ता तिन्ही बरोबर लागतात. एक आकडा इकडचा तिकडे झाला की भलताच माणूस आत जातो. तंत्रज्ञानाचा पुरावा हा आंधळेपणाने मानायचा पुरावा नाही, ही गोष्ट त्या एका माणसाच्या पन्नास दिवसांनी आमच्या अख्ख्या पिढीला शिकवली.

दुसरी गोष्ट पालघरची. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एकवीस वर्षांच्या एका मुलीने त्या बंदविषयी फेसबुकवर नाराजी लिहिली, तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केलं. बस. दोघींना अटक झाली. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. तिचं मत पटो वा न पटो, तो स्वतंत्र विषय. (त्या दिवशी शिवाजी पार्कवर डोळे पुसणारे माझेही नातेवाईक होते.) पण छळ कोणाचा झाला याबद्दल शंका नसावी. आणि त्या अटकेत वापरलं गेलेलं एक कलम कोणतं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ, जे लोकांना इंटरनेटवरच्या त्रासापासून वाचवण्यासाठी म्हणून आणलं होतं! त्या कलमात 'चीड येणे', 'गैरसोय होणे' असे शब्द होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. चीड यायला काय हो, आमच्याकडे पार्किंगवरूनही येते. पुढे ती केस बंद झाली, दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले. दिल्लीची कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ६६-अ संपूर्ण रद्द केलं. त्यानंतरही वर्षानुवर्षं काही पोलिस ठाणी त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिली. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवा म्हणून पुन्हा सांगावं लागलं.

हे काही भारतातच होतं असं समजू नका. आपल्या इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये सायबर स्टॉकिंगच्या कायद्यातला काही भाग याच कारणाने रद्द केला. शब्द इतके ऐसपैस होते की साधी टीकाही गुन्हा ठरली असती. छळाची व्याख्या नेमकी नसेल तर कायदा छळणाऱ्याच्याच हातात जातो.

तसंच निनावीपणाचं. "सगळ्यांना खऱ्या नावानेच लिहायला लावा, ट्रोल आपोआप गप्प होतील" हा उपाय मी आपल्या पिकनिकमध्येसुद्धा ऐकला आहे. मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण आहे रखमाबाई. लहानपणी लावलेलं लग्न मानायला नकार देणाऱ्या रखमाबाईंवर नवऱ्याने दावा लावला. १८८५ साली त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' अशा टोपणनावाने. १८८७ साली नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, तर तुरुंग पत्करीन म्हणाल्या. 'केसरी'सकट कितीतरी पत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, बाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. टोपणनावाची सोय नसती तर ती पत्रं छापून आली असती का? दुबळ्याला बोलायला जो बुरखा लागतो तोच बुरखा गुंडही घेतो, ही खरी अडचण आहे. म्हणून नाव सरसकट उघडं करण्यापेक्षा, गुन्हा घडल्यावर न्यायालयाच्या हुकुमाने ते काढता यावं, हा फिनलंडच्या निकालातला मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

आता आपल्या घराकडे येऊ. इथे आईवडिलांची भीती एकच असते, आपल्या मुलाला कोणी त्रास तर देत नाही ना. उलटी शक्यता आपण धरतच नाही. सप्टेंबर २०१० मध्ये न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठात टायलर क्लेमेंटी हा अठरा वर्षांचा, उत्तम व्हायोलिन वाजवणारा मुलगा पहिल्या वर्षाला आला होता. त्याच्या रूममेटने वेबकॅम चालू ठेवून त्याचे एका पुरुषाबरोबरचे खाजगी क्षण चोरून पाहिले आणि ट्विटरवर त्याचा बोभाटा केला. टायलरने ते वाचलं, खोली बदलून मागितली, आणि दोन-तीन दिवसांतच आत्महत्या केली. तो रूममेट आपल्यासारख्याच भारतीय कुटुंबातला, चांगल्या शाळेतला, कॉम्प्युटरमध्ये हुशार मुलगा होता. २०१२ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं, तीस दिवसांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला, कारण ज्या तरतुदीवर तो उभा होता तिचा एक भाग न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. शेवटी त्याने एका आरोपाची कबुली दिली आणि प्रकरण मिटलं. कायद्याच्या दृष्टीने मिटलं. त्या वेळी आपल्या लोकांत चर्चा झाली ती मुख्यतः "त्या पोराला हद्दपार करतील का" याची. टायलरच्या आईवडिलांबद्दल कमीच बोललं गेलं, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०१५ पासून कायदा आहे, की छळ घरच्या फोनवरून, शाळेच्या वेळेबाहेर झाला तरी त्याने मुलाच्या शिक्षणात अडथळा येत असेल तर शाळेला दखल घ्यावी लागते. प्रत्येक शाळा-डिस्ट्रिक्टला लेखी धोरण ठेवावं लागतं आणि ते वेबसाइटवर असतं. एकदा उघडून वाचा. तक्रार करताना तोंडी न सांगता ईमेल करा, आणि त्याआधी स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवा. आपली पहिली प्रतिक्रिया असते "डिलीट कर, ब्लॉक कर". ब्लॉक जरूर करा, पण पुरावा ठेवून मग.

फोटोंच्या बाबतीत एक चांगली सोय झाली आहे, ती थोडी समजावून सांगतो. कुठल्याही फोटोतून गणिताने एक लांबलचक आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशातून माणूस परत बनवता येत नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाऊन' आणि मोठ्यांसाठी 'स्टॉप एन.सी.आय.आय.' या सेवा आपल्याच फोनवर हा ठसा काढतात आणि फक्त ठसा कंपन्यांना देतात. फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही. सहभागी कंपन्यांना तो फोटो सापडला की त्या तो काढून टाकू शकतात. मुलीला तो फोटो अजून चार अनोळखी माणसांना दाखवावा लागत नाही, हा यातला सगळ्यात मोठा दिलासा. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकेत 'टेक इट डाऊन' याच नावाचा कायदा झाला आहे. संमतीशिवाय टाकलेली खाजगी चित्रं, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली खोटी चित्रंसुद्धा, तक्रार आल्यावर ४८ तासांत काढण्याचं बंधन त्याने कंपन्यांवर घातलं आहे.

शेवटी आपल्या देणगीदारांशी थोडं. आपल्यातले पुष्कळजण गावच्या शाळेला कॉम्प्युटर, टॅब देतात. फार चांगलं काम आहे. पण त्या यादीत एक खर्च मला कधी दिसत नाही. एखाद्या मुलीचा फोटो कोणी बदलून गावभर फिरवला तर तिने कोणाकडे जायचं? घरी सांगितलं तर पहिला फोन जातो, मग शाळा जाते, आणि कधी कधी लगेच स्थळं बघायला सुरुवात होते. छळ दुसऱ्याने केला, शिक्षण मात्र हिचं संपलं. म्हणून पुढच्या वेळी दहा टॅबऐवजी नऊ द्या, आणि दहाव्याच्या पैशांत त्याच शाळेतल्या एका बाईंना या विषयाचं प्रशिक्षण मिळेल का, ते मुख्याध्यापकांना विचारा. शाळेच्या भिंतीवर तीन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवायला तर रंगाचा एक डबा पुरेल : सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८, मन फार खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. आणि इथे, आपल्या मुलांच्या फोनमध्ये, ९८८. फोन करता येतो, मेसेजही चालतो, रात्री कितीही वाजता.